अट क्रमांक चार

मी कोर्टात लघुलेखक आहे. स्टेनो म्हटलं की लोकांना लवकर कळतं, म्हणून मीही स्टेनोच म्हणते. न्यायाधीश बोलतात ते मी वहीत उतरवते, मग टाइप करते, त्यांना दाखवते. त्या दुरुस्त्या करतात, मी पुन्हा छापते, त्या सही करतात आणि मग तो हुकूम मी कोर्टाच्या वेबसाइटवर चढवते. सव्वीस वर्षं हेच चाललंय. वेबसाइटचं काम त्यात उशिरा आलं, पण एकदा आल्यावर बाकी सगळ्या कामांच्या डोक्यावर बसलं.

बाहेरच्या माणसाला वाटतं, न्यायाधीशांनी निकाल सांगितला की निकाल झाला. तसं नसतं. तोंडी सांगितलेल्या निकालाला कागद होईपर्यंत कुणी विचारत नाही. वेबसाइटवरची प्रत त्याच दिवशी नाहीतर दुसऱ्या दिवशी दिसते, आणि तिच्यावर आधीच छापलेलं असतं की ही फक्त माहितीसाठी आहे, हिला नक्कल समजू नये. सही-शिक्क्याची नक्कल अर्ज केल्यावर नक्कल विभागातून मिळते, तिला आठवडा लागतो, कधी त्याहून जास्त. मोठ्या कोर्टांचे मोठे निकाल पुढे कायद्याच्या जाडजूड पुस्तकांत छापले जातात. आमचे हुकूम तिथवर पोचत नाहीत. आमच्याकडे वकील, पोलीस, तुरुंगाचं ऑफिस, सगळे त्या 'फक्त माहितीसाठी'वाल्या प्रतीवरच चालतात. खरा कागद हातात पडेपर्यंत त्याचं काम बहुतेक वेळा होऊन गेलेलं असतं.

ती प्रत वेळेवर चढवण्यात माझा हात धरणारं कुणी नव्हतं. दुसऱ्या कोर्टांचे स्टेनो चार-चार दिवस हुकूम अंगाखाली दाबून बसायचे, आणि माझा हुकूम त्याच संध्याकाळी वकिलांच्या मोबाइलवर. वकील तोंडावर कौतुक करायचे, आणि मला ते आवडायचं. माझे वडील मराठवाड्यातून पावणे गावातल्या कारखान्यांत मजुरीला आले होते. त्यांनी पोटाला चिमटा काढून मला टायपिंगच्या क्लासला घातलं. "आपल्या माणसांची कामं कागदावाचून अडतात," असं ते म्हणायचे, "तू कागद करणारी हो." मी झाले. नाकावर माशी बसू देत नव्हते. कुणी माझ्या टायपिंगमध्ये वेलांटीची चूक दाखवली असती तर मला दोन दिवस जेवण गेलं नसतं.

लवकर काम उरकण्याची युक्ती काही माझी एकटीची नव्हती. सगळे स्टेनो तीच करतात. जामिनाचे हुकूम साधारण एका साच्याचे असतात, म्हणून जुना हुकूम उघडायचा, नाव बदलायचं, गुन्हा क्रमांक बदलायचा, कारण बदलायचं, अटी बदलायच्या आणि नव्या नावाने जतन करायचा. जुन्यावर नवा बसवायचा, असं आम्ही म्हणतो. त्यात वाईट काही नाही. शिंपीसुद्धा जुन्या मापावरच कापड बेततो. पण शिंपी शेवटी कपडा माणसाच्या अंगावर घालून बघतो, आणि आम्ही नुसता पडद्यावर बघतो.

तो चौथ्या शनिवारआधीचा शुक्रवार होता. चौथ्या शनिवारी कोर्टाला सुट्टी असते, त्यामुळे शुक्रवारी दुपारनंतर सगळ्यांचे पाय घराकडे वळलेले असतात. आमच्या कोर्टाच्या न्यायाधीश मॅडम घाटावर सासरी जाणार होत्या. त्यांचं माझं चांगलं जमायचं. जामिनाचे हुकूम त्या मराठीत सांगायच्या, ज्याचा हुकूम त्याला वाचता आला पाहिजे म्हणून.

जेवणानंतर एका मुलीचा अर्ज निघाला. मुलगी द्रोणागिरीला गोदामात माल पॅक करायची, घर तिथूनच जवळच्या गावात. तिचा मोठा भाऊ पावण्याच्या एका वर्कशॉपमध्ये लेथवर होता. तिथं झालेल्या मारामारीत एकाला जबर लागलं, आणि हा सात-आठ महिने तुरुंगात कच्चा कैदी म्हणून होता. त्याने मारलं की नाही हे अजून ठरलेलं नव्हतं, आणि मीही ठरवणार नाही. आई शेवटच्या टप्प्यात होती. डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं होतं. तिला बघून यायला भावाला सात दिवस सोडा, एवढाच अर्ज होता.

सरकारी वकिलांनी हरकत घेतली ती नावापुरती. मॅडमनी डॉक्टरांचा कागद वाचला, त्या मुलीकडे एकदा बघितलं आणि हुकूम सांगायला सुरुवात केली. सात दिवसांचा तात्पुरता जामीन. अटी तीन. गावाबाहेर जायचं नाही, रोज ठाण्यात हजेरी लावायची, साक्षीदारांशी बोलायचं नाही. सरकारी वकील उठून म्हणाले, सोबत पोलीस बंदोबस्त तरी ठेवावा. मॅडम म्हणाल्या, "मरणाऱ्या बाईच्या खाटेभोवती पोलीस उभे करायचे का? गरज नाही." तेही मी वहीत घेतलं. घड्याळात पावणेतीन झाले होते.

मी फाइल घेऊन बाहेर आले तर व्हरांड्यात ती मुलगी उभी.

"ताई, दादाला सोडला ना?"

आम्ही पक्षकारांशी असं बोलायचं नसतं. पण तिचा चेहरा बघून मी म्हटलं, "मंजूर झालंय. कागद तेवढा होऊ द्या." ती पुढचं काही ऐकायला थांबली नाही, मोबाइल कानाला लावत जिन्याकडे पळाली.

मी जागेवर बसले. तात्पुरत्या जामिनाचा जुना हुकूम उघडला. तो एका बापाचा होता, मुलीच्या लग्नाला दोन दिवस सोडलेल्या. नाव बदललं, गुन्हा क्रमांक बदलला, लग्नाच्या जागी आईचं आजारपण घातलं. पहिली अट पुसून नवी घातली, मग दुसरी, मग तिसरी. पान तिथं संपत होतं. दुसऱ्या पानावर वरच एक ओळ होती, तिच्याखाली मॅडमच्या सहीची जागा. ती ओळ त्या लग्नाच्या हुकमातली चौथी अट होती. 'अर्जदारास पोलीस बंदोबस्तात नेण्यात व परत आणण्यात यावे.' माझ्या बोटांखालून ते पान गेलं, डोळ्यांखालूनही गेलं. पण मी तिथं तीन अटींचा हुकूम बघत होते, म्हणून मला तीनच दिसल्या.

साडेचारला मॅडमची बॅग भरून टेबलावर होती. त्यांनी पहिलं पान वाचलं, दुसरं उलटलं, पेन उघडलं आणि विचारलं, "वाचलंय ना तुम्ही?"

"हो मॅडम."

त्यांनी सही केली. सव्वीस वर्षांत माझं पान कुणी अडवलेलं नव्हतं, म्हणून त्यांनीही अडवलं नाही. पाचच्या आत हुकूम वेबसाइटवर. क्लार्कने त्यावरून सुटकेचा हुकूम केला, चारही अटी जशाच्या तशा उतरवून, लखोटा बंद केला आणि बेलीफ तो तुरुंगाकडे घेऊन गेला. ती मुलगीही त्याच्या मागोमाग गेली. मी कळंबोलीला घरी आले. वाटेत भाजी घेतली, मटार स्वस्त होते.

शनिवारी सकाळी मी मटार सोलत होते तेव्हा आमच्या कोर्टाच्या शिपायाचा फोन आला.

"मॅडम, रागावू नका हां. एक मुलगी तुमच्याकडं येतेय. पत्ता मीच दिलाय. लय टेन्शनमध्ये हाय ती."

मी रागावलेच. सुट्टीच्या दिवशी पक्षकार घरी, म्हणजे सोसायटीत चर्चा. माझा नवरा लोखंड बाजारात ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात बुकिंगला आहे, तो कामावर निघालेला होता. जाता जाता तोच दार उघडून म्हणाला, "बघ कोण आलंय."

ती आत आली नाही. दारातच उभी राहून तिने घडी केलेला कागद पुढे केला. वेबसाइटवरून काढलेली प्रत होती ती, माझीच.

"यो कागद बगा ताई. तुरुंगावाले बोलतान, सोबत पोलीस आना, मंग सोडू. काल पेटी उघडली तवा पन तोच बोलले, आज सकालीपन तोच. पोलिसांकडं गेले, ते बोलतान सोमवारशिवाय मानसा नाय. मी पोलीस कुठशी आनू?"

तुरुंगाच्या दारावर सुटकेच्या हुकमांसाठी एक पेटी असते, ती ठरल्या वेळी उघडतात. शुक्रवारी संध्याकाळी ती उघडली तेव्हा ही बाहेर उभी होती. आतून भावाचं नाव पुकारलं गेलं आणि त्याच्यामागोमाग 'बंदोबस्त कुठाय?' असं विचारलं गेलं.

"मॅडम तर बोलल्या व्हत्या, पोलीस नको म्हनून," ती म्हणाली. "मी ऐकलाय."

मी दुसरं पान उलटलं. ती ओळ मला तेव्हा दिसली. पहिला विचार त्या मुलीचा आला नाही, तिच्या आईचा नाही, भावाचाही नाही. पहिला विचार आला, हे कुणी बघितलं असेल का? ही माझी जात मला त्या दिवशी कळली.

मी तिला पाणी दिलं आणि मॅडमना फोन लावला. लागला नाही. घाटावरच्या त्या गावात रेंज नसते, हे त्यांनीच मला अनेकदा सांगितलं होतं. त्यांच्या मिस्टरांचाही लागला नाही. मुलीच्या वकिलाने फोन उचलून "सोमवारी बघू" म्हटलं. मग मी तुरुंगाच्या ऑफिसला फोन केला, स्वतःची ओळख दिली आणि सांगितलं की चौथी अट चुकून आली आहे.

पलीकडचा माणूस सभ्य होता. "मॅडम, तुमचं खरं असेल. पण मी कागद बघतो. हुकमात अट आहे, वेबसाइटवरच्या कॉपीतपण तीच आहे, मी खात्री करून घेतली. तुम्ही तिकडं दुरुस्त कॉपी टाका, मेलवर सुधारित हुकूम पाठवा, मी पाच मिनिटांत सोडतो. साडेपाचला शेवटची पेटी. त्यानंतर माझ्या हातात नाही."

आम्ही दोघी रिक्षाने कोर्टात गेलो. सुट्टीच्या दिवशीही पोलिसांनी पकडून आणलेल्यांसाठी एक न्यायाधीश बसलेले असतात. त्यांच्यापुढे जाऊन मी सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "बाई, दुसऱ्या कोर्टाच्या हुकमात मी एक स्वल्पविरामही हलवू शकत नाही. त्यांना गाठा." त्यांचं बरोबर होतं. त्या दिवशी मला भेटलेल्या प्रत्येकाचं बरोबर होतं.

मी माझा कॉम्प्युटर सुरू केला. हुकमाची फाइल उघडली. चौथी अट पुसली. एक ओळ पुसायला कितीसा वेळ लागतो! हुकूम आता मॅडम बोलल्या होत्या तसा झाला, शब्दाला शब्द. वेबसाइटवरच्या प्रतीवर सही नसतेच, तिथं नुसतं 'सही/-' असं छापलेलं असतं. पासवर्ड माझ्याकडे होता. सुधारित हुकूम म्हणून पाठवायचा मेलही आमच्या कोर्टाचा, तोही मीच रोज उघडायचे. एक बटण दाबलं असतं तर तो माणूस दुपारी जेवायला घरी असता.

ती माझ्या खुर्चीमागे उभी होती. पडद्यावर काय आहे ते तिला कळत होतं.

"टाका ना ताई. मॅडम बोलल्या तोच टाकताव ना? खोटा कुठं हाय त्याच्यान?"

खोटं नव्हतंच. ते खरं होतं आणि वेबसाइटवर होतं ते खोटं. मी हात माउसवर ठेवून बसले. उद्या चौकशी लागली तर? सहीनंतर हुकमात स्टेनोने परस्पर बदल केला, हे वाक्य मला टाइप केलेलं दिसायला लागलं. नोकरी जाते. पेन्शन जाते. नंतर मी लोकांना, आणि स्वतःलाही, असं सांगायचे की आज मी खरा शब्द घातला असता तर उद्या दुसरा कुणी खोटा घालेल, म्हणून मी थांबले. तत्त्व चांगलं आहे. पण ते मला नंतर सुचलं. त्या खुर्चीत मी बसले होते ती निव्वळ भीतीने.

"मॅडमचा फोन येऊ दे," मी म्हटलं.

ती बाकावर जाऊन बसली. मधेच एकदा फोनवर "आय कशी हाय?" म्हणाली, ऐकलं आणि ठेवून दिला. मी दर दहा मिनिटांनी मॅडमचा नंबर लावत होते. पोळी-भाजीचा डबा आणला नव्हता, शिपायाने दोन वडापाव आणले, ते आम्ही दोघींनी तसेच ठेवले.

साडेतीनला मॅडमचा फोन आला. रेंजमध्ये आल्या आणि त्यांनी माझे इतके मिस्ड कॉल बघितले. मी सांगितलं. त्या म्हणाल्या, "मी निघते. काही टाकू नका, मी येऊन सही करते." घाटात वाहनांची रांग होती. त्या पोचल्या तेव्हा साडेसहा वाजून गेले होते आणि मुलगी तुरुंगाच्या दाराशी जाऊन पेटी बंद होताना बघून आली होती.

सुधारित हुकूम कसा लिहायचा हा प्रश्न आला. मॅडमनी माझ्याकडे बघितलं. 'टंकलेखनातील चुकीमुळे' असं लिहिलं की ती माझ्या सेवापुस्तकाला चिकटणार, हे दोघींना माहीत होतं. मी मान खाली घालून पेन धरून बसले. मॅडमनी एक सुस्कारा सोडला आणि सांगितलं, "लिहा. आदेशातील अट क्रमांक चार वगळण्यात येत आहे." बस एवढंच. खाली शनिवारची तारीख. त्या भल्या बाई आहेत. त्यांनी मला वाचवलं, आणि मी वाचले.

भाऊ रविवारी सकाळी पहिल्या पेटीला सुटला. आई पहाटेच गेली होती. हे मला शिपायाने सोमवारी सांगितलं. मी बाथरूममध्ये जाऊन रडले, तोंड धुतलं आणि अकराला कोर्टात बसले. त्या दिवसापासून मॅडम माझं प्रत्येक पान ओळीखाली बोट ठेवून वाचायला लागल्या. एक अक्षर बोलल्या नाहीत. त्या बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

सात दिवसांनी तो माणूस ठरल्या वेळी परत तुरुंगात हजर झाला. त्याच्या फाइलवर तशी नोंद आली, ती मी बघितली. 'अति घाई संकटात नेई' हे आमच्या कळंबोलीत दर दुसऱ्या ट्रकच्या मागे लिहिलेलं असतं. संकटात ट्रकवालाच जातो असं थोडंच आहे.

चार महिन्यांनी, जेवणाच्या सुट्टीत, ती मुलगी माझ्या टेबलाशी येऊन उभी राहिली. हातात दोन सही-शिक्क्याच्या नकला होत्या. बारीक झाली होती. मी डबा झाकला आणि तिला बसायला सांगितलं. चार महिने जे तोंडात घोळवलं होतं ते मी लगेच बोलून टाकलं. "ती चूक मॅडमची नव्हती. माझी होती."

"मना म्हाइत हाय," ती म्हणाली. "शिपायानी तवाच सांगितला. मी त्याच्यासाठी नाय आले."

मला वाटलं होतं ती रडेल, शिव्या देईल. माझी तयारी त्याची होती. ह्याची नव्हती.

तिने दोन्ही नकला टेबलावर ठेवल्या. एक शुक्रवारची, चार अटींची. दुसरी शनिवारची, चौथी अट वगळल्याची. मग तिने हळूहळू सांगितलं. शुक्रवारी माझ्याकडून ऐकल्यावर जिना उतरता उतरताच तिने घरी फोन केला होता आणि आईला सांगितलं होतं, दादा सुटला. आईने शेजारणीकडून खाट झाडून घेतली. भावाला सुके बोंबील आवडतात म्हणून ते भिजत घालायला लावले. दाराशी कुणी आलं की विचारायची, आला काय? शुक्रवारी रात्रीपर्यंत विचारलं, शनिवारभर विचारलं. मग विचारायची थांबली.

"आता दादा बोलतो, तू आयला खोटा सांगितलास. कागदान पोलीस लिवला व्हता, तू वाचला नाय आनि तिला बोललीस सुटला. ती तुज्या खोट्यावर दोन दिस झुरली. मी मुलाखतीला जाते तर आतून निरोप देतो, भेटायचा नाय. चार येला गेले. मना आता त्याच्याशिवाय कोन हाय, सांगा."

मी त्या दोन नकला वाचल्या. भावाच्या बाजूने वाचल्या. शुक्रवारच्या कागदात बंदोबस्त होता. शनिवारच्या कागदात कोर्टाने कृपा करून तो काढला होता. चूक झाली असं कुठंही नव्हतं. हे कागद वाचणाऱ्या कुणालाही तेच वाटलं असतं की शुक्रवारी त्याला कुणी तसं सोडलंच नव्हतं आणि ही पोरगी उतावळेपणाने बोलून गेली. मला वाचवण्यासाठी निवडलेला तो एक शब्द, 'वगळण्यात', चार महिने हिच्या गळ्यात अडकला होता.

"शुक्रवारी मॅडम काय बोलल्या तो मना पायजे," ती म्हणाली. "तुमच्यापाशी लिवलेला असंल ना?"

माझ्या वह्या मी कपाटात ठेवते, भरल्या तरी वर्षभर टाकत नाही. त्या तारखेचं पान काढलं. ती लिपी माझ्याशिवाय कुणाला वाचता येत नाही, तिला तर त्या नुसत्या रेघोट्या. मी वाचून दाखवलं. तीन अटी. सरकारी वकिलांची विनंती. मरणाऱ्या बाईच्या खाटेभोवती पोलीस उभे करायचे का, गरज नाही. ती पुढे वाकून ऐकत होती, जणू मॅडमच पुन्हा बोलत होत्या.

"कवा? किती वाजता?"

"पावणेतीन."

"मी तीनला फोन केलाता," ती म्हणाली. "मंग मी खोटा नाय बोलले."

"नाही. तो पावणेतीनला सुटलेलाच होता."

"ह्याची नक्कल देताव?"

वहीची नक्कल निघत नाही. वही म्हणजे कोर्टाचा कागदच नव्हे. तिच्यावर शिक्का बसत नाही, ती कुठल्या रजिस्टरला नसते. मी हे सांगायला तोंड उघडलं आणि मला शनिवारचा तो माउस आठवला. मी ड्रॉवरमधून एक कोरा कागद काढला. शुक्रवारी कोर्टात काय बोललं गेलं ते सगळं हाताने लिहून काढलं, तारीख घातली, पावणेतीनची वेळ घातली. टाइप करायची सवय, त्यामुळे अक्षर वाकडंतिकडं आलं. कोर्टाचा कागद तुरुंगाच्या आत नेताना भानगडी असतात, पण घरचं पत्र ते वाचून आत सोडतात. मी तिला तसं सांगितलं आणि कागद पुढे केला.

तिने तो ओळीओळीने वाचला आणि परत माझ्यासमोर ठेवला.

"चूक कोनाची, तो नाय लिवला."

मी तिच्याकडे बघितलं. तिच्या आवाजात राग नव्हता. तिला भाऊ परत हवा होता, आणि अर्ध्या कागदावर तो परत येणार नाही हे तिला माझ्यापेक्षा चांगलं कळत होतं.

मी कागद ओढला आणि खाली लिहिलं. चौथी अट न्यायाधीशांनी सांगितलेली नव्हती. ती माझ्या चुकीने हुकमात राहिली. शनिवारी ती दुरुस्त करणं माझ्या हातात होतं आणि मी भीतीने केली नाही. आपल्या बहिणीने आईला सांगितलं ते खरं होतं.

"आता सही करा," ती म्हणाली.

मी सही केली, खाली पूर्ण नाव आणि हुद्दा लिहिला. तिने शाई वाळेपर्यंत कागद हातात धरून ठेवला, मग घडी घालून पर्समध्ये ठेवला आणि तुरुंगातल्या मुलाखतीची साडेतीनची वेळ गाठायला निघाली.